एकाच हातची चिन्हं: कंपनीच्या आयकॉनमध्ये सुसंगती कशी येते

कंपनीच्या वेबसाइटवर 'सेटिंग' दाखवायला दातेरी चाक असतं. त्याच कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये त्या जागी तीन सरकपट्ट्या असतात आणि ग्राहकांना पाठवलेल्या माहितीपत्रकात पाना. तिन्ही चित्रं आपापल्या जागी ठीकच आहेत. वेबसाइटवाल्याने एका मोफत संग्रहातून आयकॉन उचलला, अ‍ॅपवाल्याने दुसऱ्या संग्रहातून, आणि माहितीपत्रक करणाऱ्याला प्रेझेंटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार चित्र मिळालं. यात कुणा एकाला दोष देता येत नाही, कारण 'आपल्याकडे सेटिंग असं दिसतं' हे कधी ठरलेलंच नव्हतं.

आयकॉनमधली विसंगती बहुतेक वेळा अशी हळूहळू साचत जाते. लोगोला हात लावायचा म्हटलं की बैठका होतात, वरिष्ठांची मंजुरी लागते. आयकॉन मात्र काम संपवायच्या घाईत कुणीही उतरवून घेतं आणि चिकटवून टाकतं. गंमत अशी, की लोगो पडद्याच्या कोपऱ्यात एकदाच दिसतो आणि आयकॉन प्रत्येक मेनूत, प्रत्येक बटणावर, प्रत्येक स्लाइडवर. कंपनीची ओळख डोळ्यांत मुरते ती बऱ्याच अंशी या बारक्या चित्रांतून.

या सुसंगतीचे दोन थर आहेत. एक रूपाचा: सगळी चिन्हं एकाच हाताने काढल्यासारखी दिसली पाहिजेत. दुसरा अर्थाचा: एका चिन्हाने सगळीकडे एकच गोष्ट सांगितली पाहिजे. कंपन्या पहिल्या थरावर वेळ आणि पैसा घालतात आणि वापरणारा अडखळतो दुसऱ्यापाशी. तरी सुरुवात पहिल्यापासून करू, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि मोजता येतो.

एकच गोष्ट वेगवेगळ्या हातांनी कशी दिसते, हे पाहायला ऑलिंपिकसारखी जागा नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला आलेल्या परदेशी पाहुण्यांपैकी बहुतेकांना जपानी वाचता येणार नव्हतं आणि सगळ्यांच्या भाषांत पाट्या लावणं अशक्य होतं. म्हणून कला-दिग्दर्शक मासारू कात्सुमी यांच्या देखरेखीखाली खेळांची आणि सोयीसुविधांची चित्रचिन्हं तयार झाली. खेळांची चिन्हं योशिरो यामाशिता यांनी काढली. १९६८ साली मेक्सिकोत डिझायनर लान्स वायमन यांच्या चमूने पूर्ण खेळाडू दाखवायचं टाळलं. शरीराचा एखादा भाग किंवा खेळाचं साधन तेवढं घेतलं. १९७२ मध्ये म्युनिकला डिझायनर ओटल आयशर यांनी माणूस पुन्हा आणला, पण अगदी शिस्तीत: डोक्याला एक गोल, हातापायांना सारख्या जाडीच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या फक्त आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत. धावपटू असो, जलतरणपटू असो की तलवारबाज, सगळे त्याच मोजक्या तुकड्यांतून उभे राहिले.

पोहणं सगळीकडे तेच आहे, पण चिन्ह पाहिलं की ते मेक्सिकोचं की म्युनिकचं हे जाणकाराला लगेच कळतं. आणि म्युनिकच्या कामातली खरी मालमत्ता म्हणजे त्यामागचे नियम. नियम पक्के असले की नवं चिन्ह दुसऱ्या कुणी, काही वर्षांनी काढलं तरी ते त्याच घराण्यातलं वाटतं. कंपनीने डिझायनरकडून आयकॉन करून घेताना चित्रांच्या फाइली तर घ्याव्यातच, पण नियमांचा कागद मागायला विसरू नये. तो मिळाला नाही तर पुढच्या वर्षी आणखी एक आयकॉन लागेल तेव्हा पुन्हा शोधाशोध सुरू होते.

तर हे नियम कसले असतात? पहिला चौकटीचा, म्हणजे ग्रिडचा. गूगलच्या मटेरियल डिझाइन या नियमावलीत आयकॉनची मूळ चौकट २४ बाय २४ एककांची असते. त्यात चारही बाजूंनी २ एककं मोकळी सोडायची आणि उरलेल्या २० बाय २० मध्ये चित्र बसवायचं. आता नवशिक्याला वाटतं, की गोल असो वा चौकोन, प्रत्येक आकार त्या २० मध्ये काठोकाठ बसवला की सगळे सारखे दिसतील. तसं होत नाही. २० बाजूचा चौरस आणि २० व्यासाचं वर्तुळ शेजारी ठेवलं तर चौरस धिप्पाड दिसतो. म्हणून तिथे वर्तुळाचा व्यास २०, चौरसाची बाजू १८ आणि उभा आयत १६ बाय २० असे साचे दिलेले आहेत. हिशोब करून पाहा: वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ३१४, चौरसाचं ३२४, आयताचं ३२०. मापं वेगवेगळी, पण डोळ्याला जाणवणारं वजन जवळपास सारखं.

डोळ्याची ही लहर आणखी एका ठिकाणी हमखास सापडते. व्हिडिओ सुरू करण्याचा त्रिकोण गोल बटणात सॉफ्टवेअरच्या मदतीने अगदी मधोमध ठेवला, तरी तो डावीकडे कलल्यासारखा वाटतो. कारण सॉफ्टवेअर त्रिकोणाभोवतीच्या अदृश्य चौकटीचा मध्य धरतं आणि त्रिकोणाचं वजन असतं त्याच्या उभ्या पायाकडे. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य पायापासून उंचीच्या एक तृतीयांश अंतरावर येतो. तो बिंदू बटणाच्या केंद्रावर आणायचा तर त्रिकोण उजवीकडे सरकवावा लागतो, आडव्या लांबीच्या एक षष्ठांशाने. असे अपवाद नियमांच्या कागदात लिहून ठेवले नाहीत, तर नंतर कुणीतरी 'चूक' समजून त्रिकोण पुन्हा मधोमध आणतो.

चौकटीनंतर रेघ. रेघेची जाडी किती, टोकं गोल की सपाट, कोपऱ्यांना गोलाई किती, दोन रेघांमध्ये कमीत कमी किती फट. एखादा संच वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केलेला आहे हे ओळखायचं असेल तर आधी रेघांची टोकं पाहावीत. जाडी जुळवायची बहुतेकांना आठवण असते, टोकांकडे कुणाचं लक्ष जात नाही. गोल टोकांच्या लिफाफ्याशेजारी सपाट टोकांचा फोन आला की काहीतरी खटकतं, पण काय ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही.

मग कोनाचा प्रश्न येतो. सगळ्या वस्तू समोरून पाहिलेल्या असतील तर एकच पेटी तिरकस, तीन बाजू दाखवणारी नसावी. तपशिलाचाही तोल लागतो. घराच्या आयकॉनला नुसतं छप्पर आणि दार, आणि शेजारच्या कारखान्याला खिडक्या, धुराडं, धूर, कुंपण असं झालं तर कारखानाच डोळ्यांत भरतो आणि तो महत्त्वाचा आहे असा उगाच ग्रह होतो. चित्रात काय दाखवायचं नाही हे ठरवणं या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे. १९२० आणि १९३० च्या दशकांत व्हिएन्नात ओटो न्यूराथ आणि त्यांचे सहकारी आकडेवारी चित्रांतून सांगण्याची पद्धत घडवत होते. पुढे ती आयसोटाइप या नावाने ओळखली गेली. त्यांच्यासाठी गेर्ड आर्न्ट्झ यांनी हजारो चिन्हं काढली. ती आजही जुनाट वाटत नाहीत याचं श्रेय मला तरी त्यांनी गाळलेल्या गोष्टींना द्यावंसं वाटतं.

पण रेघेची जाडी समजा दोन एककं ठरवली, तर दोनच का, दीड का नाही? याचं उत्तर आयकॉनच्या बाहेर शोधावं लागतं. आयकॉन बहुधा अक्षरांच्या शेजारी राहतो. कंपनीचा टाइप, म्हणजे अक्षरांची ठरलेली घडण, बारीक, हलकी असेल आणि आयकॉनची रेघ जाड असेल तर बटणावरचा आयकॉन ओरडतो आणि शब्द कुजबुजतात. अ‍ॅपलने २०१९ मध्ये आणलेल्या एसएफ सिम्बल्स या संग्रहात आयकॉन नऊ वजनांत, म्हणजे रेघेच्या नऊ जाड्यांत, मिळतात, ते याचसाठी: शेजारचा मजकूर जितका जाड, तितकीच चिन्हाची रेघ. कोपऱ्यांचंही तसंच. लोगो आणि अक्षरं टोकदार असतील तर आयकॉनचे कोपरे लोण्यासारखे गोल करण्यात अर्थ नाही. आधी आपली अक्षरं मोठी करून नीट पाहावीत, त्यांच्या वळणांतून आणि टोकांतून आयकॉनचे नियम उचलावेत. बाजारातला संग्रह निवडतानाही 'सुंदर कोणता' यापेक्षा 'आपल्या टाइपशी कोणता जुळतो' हे पाहणं जास्त उपयोगी पडतं.

लोगोतूनच एखादा तुकडा काढून तो सगळ्या आयकॉनमध्ये घुसवण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकाच्या घडणीच्या काळातली गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. मेनूमधल्या शॉर्टकटसमोर सुरुवातीला अ‍ॅपलचं सफरचंद होतं. मेनू उघडला की सफरचंदांची रांगच दिसायची. स्टीव्ह जॉब्स यांना आपल्या लोगोची ही उधळण रुचली नाही. मग मॅकिंटॉशचे आयकॉन काढणाऱ्या सुझन केअर यांनी चिन्हांच्या एका कोशातून चार कोपऱ्यांना वेटोळी असलेला चौकोन शोधून काढला. स्वीडनमध्ये तो प्रेक्षणीय ठिकाणाच्या पाटीवर वापरत. १९८४ पासून मॅकच्या कीबोर्डवरच्या कमांडच्या कळीवर तो आहे तो आहेच.

आकार लहानमोठा करणं हा वरवर क्षुल्लक मुद्दा आहे, पण चांगले संच इथेच मोडतात. २४ च्या चौकटीतली २ जाडीची रेघ, आयकॉन १६ वर आणला की १.३३ होते. साध्या पडद्यावर पिक्सेल अर्धामुर्धा रंगवता येत नाही, म्हणून ती रेघ धूसर होते. तोच आयकॉन स्लाइडसाठी ९६ वर ताणला तर रेघ ८ ची होते आणि चित्र बोजड दिसतं. म्हणून मोजकी मापं ठरवून प्रत्येकासाठी वेगळं रेखाटन ठेवतात. लहान मापात तपशील कमी, मोठ्यात थोडा जास्त. गूगलने २०२२ मध्ये आणलेल्या मटेरियल सिम्बल्समध्ये २० ते ४८ या मापांदरम्यान रेघ आपोआप जुळवून घेण्याची सोय आहे. छपाईचं पुन्हा वेगळंच. गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक रेघ छापली की शाई पसरून ती बुजते, त्यामुळे पडद्यावरचा संच डोळे मिटून छापखान्यात पाठवू नये.

आता अर्थाकडे येऊ.

फुली घ्या. ती खिडकी बंद करते, शोधाच्या रकान्यातला मजकूर पुसते, यादीतली नोंद काढून टाकते आणि कुठेकुठे 'चुकलं' असंही सांगते. एकाच अ‍ॅपमध्ये ही चारही कामं तिला दिली, की वापरणारा प्रत्येक वेळी बोट ठेवण्याआधी थबकतो, आणि एक दिवस खिडकी बंद करायला जाऊन नोंद उडवून बसतो. उलटाही घोळ होतो: काढून टाकण्यासाठी एका पानावर कचऱ्याची टोपली, दुसऱ्यावर वजाचं चिन्ह, तिसऱ्यावर फुली. वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीच्या, निकषांमध्ये २००८ सालच्या आवृत्तीपासून या दुसऱ्या घोळाबद्दल एक स्वतंत्र कलम आहे: संकेतस्थळावर एकच काम करणाऱ्या गोष्टींची ओळख सगळीकडे सारखी असली पाहिजे. दृष्टिहीन माणूस पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबतो. त्याला एका पानावर 'हटवा' आणि दुसऱ्यावर 'काढून टाका' असं ऐकू आलं, तर ही दोन वेगळी कामं आहेत असं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणजे सुसंगती चित्रात तर हवीच, चित्रामागच्या लपलेल्या शब्दातही हवी.

अर्थ बदलायचा तर तो जाणूनबुजून, एकदाच आणि सगळीकडे बदलावा. ट्विटरने नोव्हेंबर २०१५ मध्ये चांदणी काढून हृदय आणलं. चांदणीचा उपयोग लोक 'नंतर वाचेन' म्हणून खूण करायलाही करत, नुसती पोच द्यायलाही करत. हृदय आल्यावर तीच कळ एकदम भावना व्यक्त करणारी झाली, आणि जुन्या वापरणाऱ्यांनी बरीच कुरकुर केली. बदल बरा की वाईट यावर मतं असू शकतात. पण छोट्या चित्राने कळीचा स्वभाव बदलतो हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

रूप आणि अर्थ जिथे एकमेकांत गुंततात अशी एक जागा नेहमी दुर्लक्षित राहते: भरीव आणि पोकळ आयकॉन. आजकाल अनेक अ‍ॅपमध्ये खालच्या पट्टीतला निवडलेला आयकॉन भरीव असतो, बाकीचे पोकळ. म्हणजे भरीवपणाला 'तुम्ही इथे आहात' असा अर्थ मिळालेला असतो. मग दुसऱ्या कुठल्यातरी पानावर, निव्वळ छान दिसतं म्हणून सगळे आयकॉन भरीव केले की तो अर्थ पातळ होतो. रंगाचंही हेच. लाल जर धोक्यासाठी राखून ठेवला असेल तर ब्रँडचा रंग लाल असलेल्या कंपनीला आयकॉनसाठी दुसरा रंग शोधावाच लागतो. त्यावर आधी विचार केलेला नसेल तर ऐनवेळी वाद होतात, आणि असे वाद सहसा सर्वात मोठ्या पदावरच्या माणसाच्या आवडीने सुटतात.

काही चिन्हं सगळ्यांची असतात: शोधासाठी भिंग, मुखपृष्ठासाठी घर, छपाईसाठी प्रिंटर. त्यांच्यात स्वतःची कल्पकता दाखवायला जाऊ नये. रेघ आपली, पण आकृती ओळखीचीच. फ्लॉपी डिस्क कित्येकांनी हातात धरलेली नाही, तरी 'जतन करा' म्हणून ती चालते. 'शेअर' मात्र फसवं आहे. अ‍ॅपलच्या उपकरणांवर ते चौकोनातून वर जाणाऱ्या बाणाने दाखवतात, अँड्रॉइडवर रेघांनी जोडलेल्या तीन ठिपक्यांनी. इथे ब्रँडच्या हट्टापेक्षा माणसाच्या हातातल्या फोनची सवय मोठी मानावी, म्हणजे दोन अ‍ॅपमध्ये दोन वेगळी चिन्हं ठेवावीत. ही विसंगती मी आनंदाने मान्य करेन. आणि कंपनीच्या खास संकल्पना, उदाहरणार्थ 'भागीदारांची पडताळणी' किंवा 'लवचीक योजना', कुठल्याच चित्रातून आपसूक कळत नाहीत. तिथे शेजारी शब्द लिहावा. शब्दाशिवाय आयकॉन ठेवला की पडदा मोकळा दिसतो, पण तो मोकळेपणा वापरणाऱ्याच्या अंदाजपंचे काम करण्यावर उभा असतो.

एका चिन्हाबाबत तर कायदाच आड येतो. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे अनेकांना आरोग्यसेवेचं सर्वसाधारण चिन्ह वाटतं. ते तसं नाही. जिनिव्हा करारांनी संरक्षण दिलेलं ते बोधचिन्ह आहे. युद्धात वैद्यकीय पथकांवर हल्ला होऊ नये म्हणून ते आहे, आणि अ‍ॅपमध्ये किंवा जाहिरातीत ते वापरता येत नाही. प्रथमोपचारासाठी आयएसओ ७०१० या सुरक्षाचिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकात हिरव्यावर पांढरा क्रॉस दिलेला आहे. तो घ्यावा. संग्रहातून आयकॉन घेतानाही परवाना वाचावा. एसएफ सिम्बल्स अ‍ॅपलच्या प्रणालींवर चालणाऱ्या अ‍ॅपसाठी आहेत. ती उचलून लोगोत किंवा अ‍ॅपच्या आयकॉनमध्ये वापरता येत नाहीत. मटेरियलचे आयकॉन अपाची या मुक्त परवान्याखाली असल्याने तिथे मोकळीक बरीच जास्त आहे.

सुसंगतीचा अतिरेकही होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलने जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट वगैरेंचे आयकॉन एकाच सूत्रात ओवले: सगळ्यांना तेच ब्रँडचे रंग, तशाच जाड पट्ट्या. कागदावर हे आदर्श होतं. पण ब्राउझरच्या बारक्या टॅबमध्ये किंवा फोनवर एकाच ओळीत ते आले की लोकांना ते वेगळे ओळखता येईनात, आणि तशा तक्रारी जोरात झाल्या. लहान आकारात डोळा आधी रंग आणि बाह्याकार टिपतो, आतलं चित्र नंतर. रंग सगळ्यांना सारखेच वाटून टाकले की ओळखीची एक मोठी खूणच जाते. म्हणून संच तयार झाला की तो काळ्या रंगात भरून, अगदी लहान करून, हातभर अंतरावरून पाहावा. दोन चिन्हं एकसारखे डाग दिसत असतील तर त्यांच्यातलं एक बदलावं लागेल, मग नियमांत ते कितीही चपखल बसत असो.

मापाच्या दोन गोष्टी थोडक्यात. अर्थ सांगणाऱ्या आयकॉनचा त्याच्या पार्श्वभूमीशी किमान ३:१ इतका रंगविरोध (कॉन्ट्रास्ट) असावा, असं वर उल्लेखलेल्या निकषांच्या २०१८ च्या आवृत्तीत आहे. फिकट करड्या रंगाचे देखणे आयकॉन इथे सर्रास नापास होतात. आणि बोट लावायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल असावी, किंवा आजूबाजूला तेवढी मोकळीक असावी, असं २०२३ च्या आवृत्तीने जोडलं. चित्र लहान ठेवलं तरी भोवतीची जागा मोठी ठेवता येते. अ‍ॅप अरबी किंवा उर्दूसारख्या उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषेत जाणार असेल तर 'मागे'चा बाण उलटा करावा लागतो, पण घड्याळ आणि व्हिडिओचा त्रिकोण उलटवत नाहीत. हेही नियमांच्या कागदात हवं.

हे सगळं वाचून नवा संच काढायला बसण्याआधी शिरगणती करावी. वेबसाइट, अ‍ॅप, स्लाइड, माहितीपत्रकं, पावत्या, जिथे जिथे कंपनीचा आयकॉन दिसतो त्या सगळ्याची चित्रं काढून एकाच मोठ्या पानावर लावावीत, अर्थानुसार गट करून. 'सेटिंग'च्या गटात किती चित्रं जमली, हे पाहिल्यावर वरिष्ठांना वेगळं काही पटवावं लागत नाही. मग प्रत्येक गटातून एक ठेवायचं, बाकीची मोडीत काढायची. जुन्या फाइली खरोखर काढून टाकाव्यात. सामायिक फोल्डरमध्ये राहिल्या तर कुणी ना कुणी त्या उचलतंच. उरलेल्यांची एकच अधिकृत जागा ठेवावी, जिथून डिझायनर आणि डेव्हलपर दोघेही घेतील, आणि नवा आयकॉन हवा असेल तर कुणाकडे मागायचा त्या माणसाचं नाव तिथेच लिहावं. फाइल एसव्हीजी या रेघा-आकार कोडमध्ये साठवणाऱ्या प्रकारात असेल आणि तिच्यात रंग ठोकून बसवलेला नसेल, तर ती शेजारच्या मजकुराचा रंग आपोआप घेऊ शकते. ब्रँडचा रंग बदलला तरी शेकडो फाइली उघडाव्या लागत नाहीत.

फाइलींना नावं देताना चित्रात जे दिसतं तेच लिहावं: 'दातेरी-चाक', 'भिंग', 'टोपली'. त्या चित्राचा आपल्याकडे अर्थ काय, ते वेगळ्या तक्त्यात ठेवावं: सेटिंग म्हणजे दातेरी-चाक, हटवा म्हणजे टोपली. उद्या सेटिंगसाठी सरकपट्ट्या आणायचं ठरलं, तर तक्त्यातली एक ओळ बदलायची. तेच फाइलीचं नाव 'सेटिंग' असेल आणि आत सरकपट्ट्या असतील, तर कुणीतरी तीच फाइल 'गाळणी' (फिल्टर) म्हणून दुसरीकडे लावेल, आणि नवं चित्र आलं की तिकडची गाळणीही नकळत बदलून बसेल.